अस्थिस्वास्थ्य, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे

अस्थिस्वास्थ्य, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांचे : आईकडून एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या आणि एआरटीच्या (एचआयव्हीविरोधी औषधोपचाराच्या) गोळ्यांवर वाढणाऱ्या मुलामुलींच्या हाडांची वाढ, घनता व बळकटी यांचा विचार. छत्रपती संभाजीनगरात या मुलांच्या गोळ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयाच्या (स्था. १९५६, बोलीत ‘घाटी’) एआरटी केंद्रातून मिळतात. मराठवाड्यात बीडजवळ पाली येथील इन्फंट इंडिया आणि लातूर जिल्ह्यातील हासेगावचे सेवालय या संस्थांनी अशा मुलांसाठी निवासी घरे उभारली आहेत.

पूर्वपीठिका : भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, मुलांच्या मात्रेतील औषधांचा राष्ट्रीय कार्यक्रम ३० नोव्हेंबर २००६ रोजी आला. त्याआधी मोठ्यांच्या गोळ्या मोडून मुलांना द्याव्या लागत. मूल जगेल का, हाच तेव्हा प्रश्न असल्याने हाडांकडे कोणाचे लक्ष गेले नाही. औषधे लागू पडली, मुले वयात आली, आणि मग उंची खुंटणे, वयात येण्यास उशीर होणे व हाडांत खनिज कमी भरणे या गोष्टी नजरेत भरू लागल्या.

कारणे : प्रौढ हाडांतील सुमारे चतुर्थांश खनिज उंची झपाट्याने वाढण्याच्या दोनेक वर्षांत भरले जाते. या काळात जे राहून जाते ते पुढे पूर्ण भरून निघतेच असे नाही. एचआयव्हीमुळे शरीरात दाह धुमसत राहतो व हाड झिजवणाऱ्या पेशी अधिक कामाला लागतात. त्यात कुपोषण, वारंवारची आजारपणे आणि लांबलेले वयात येणे यांची भर पडते. आईवडील दोघेही गेलेले, आजीकडे वाढणारे मूल असेल, तर यांतले कोणते कारण किती हे वेगळे काढणे जवळजवळ अशक्य असते.

टेनोफोव्हिर : या विषयातील सर्वांत महत्त्वाचे औषध. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या (नॅको) २०२१ च्या मार्गदर्शिकेप्रमाणे वय १० वर्षांच्या व वजन ३० किलोच्या पुढे गेले की टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन व डोल्युटेग्राव्हिर ही तिन्ही औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा दिली जातात. २० ते ३० किलोच्या मुलांना टेनोफोव्हिरच्या जागी अबॅकाव्हिर असते. सुदृढ मूल दहा-अकराव्या वर्षी ३० किलोचे होते. खुरटलेले मूल हा काटा पुष्कळदा तेराव्या-चौदाव्या वर्षी ओलांडते, म्हणजे नेमके हाडे भरण्याच्या दिवसांत त्याची गोळी बदलते. वजन वाढले म्हणून केंद्रात कौतुक होते ते याच दिवशी.

टेनोफोव्हिर मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचते, त्यामुळे फॉस्फेट लघवीवाटे वाया जाते. पहिल्या वर्षात हाडांची घनता थोडी उतरते व पुढे बहुतेकांत स्थिरावते, असा मोठ्यांमधला अनुभव आहे. मुलांमधील निष्कर्ष एकसारखे नाहीत. लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिर ही एचआयव्हीची औषधे सोबत असल्यास रक्तातील टेनोफोव्हिरची पातळी वाढते. गोळी सुरू करण्यापूर्वी मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी रक्तातील क्रिएटिनीन पाहतात, पण तेवढ्याने भागत नाही. क्रिएटिनीन ठीक असूनही फॉस्फेट घसरलेले असू शकते. रक्तातली साखर नीट असताना लघवीत साखर उतरली तर नलिकांचा संशय घ्यावा. मांड्या दुखणे, जिना चढताना धाप न लागताही पाय न उचलणे, उकिडवे बसल्यावर गुडघ्यांवर हात टेकून उठणे या तक्रारी ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नयेत. मात्र मनाने गोळी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे. औषध बदलण्याचा निर्णय केंद्रातच व्हावा. टेनोफोव्हिर ॲलाफेनामाइड हा नवा प्रकार हाडे व मूत्रपिंड यांना कमी जाचतो.

मापन : हाडांची घनता डेक्सा यंत्रावर मोजतात. मुलांत तरुण प्रौढांशी तुलना करणारा टी-स्कोअर वापरत नाहीत. त्याच वयाच्या व लिंगाच्या मुलांशी तुलना करणारा झेड-स्कोअर वापरतात. तो उणे २ किंवा त्याहून कमी असेल तर घनता कमी म्हणतात, पण तेवढ्यावरून ‘ऑस्टिओपोरोसिस’चा शिक्का मारत नाहीत. खरी मेख उंचीत आहे. डेक्सा हाडाची सावली मोजते. लहानखुऱ्या मुलाचे हाड लहान, म्हणून घनताही कमी दिसते. उंचीचा हिशेब न धरता काढलेला निष्कर्ष या मुलांवर अन्याय करतो. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयाच्या संशोधन संस्थेतील डॉ. अनुराधा खाडिलकर, डॉ. वामन खाडिलकर व सहकाऱ्यांनी ५ ते १७ वयाच्या निरोगी भारतीय मुलांची डेक्सा-मानके २०११ मध्ये प्रसिद्ध केली. परदेशी मानकांपेक्षा ती येथे अधिक उपयोगी. डेक्सा मिळत नसेल तेथे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या वाढ-तक्त्यावर दर भेटीची उंची नोंदवावी. केंद्रात वजन काटेकोर घेतात, कारण मात्रा त्यावर ठरते. उंचीची नोंद बहुधा घाईत होते.

आहार : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलाला रोज १,००० मिग्रॅ. कॅल्शियम लागते. मराठवाड्याचे मुख्य धान्य ज्वारी. १०० ग्रॅम ज्वारीत ते जेमतेम २८ मिग्रॅ. असते, बाजरीतही तेवढेच. नाचणीत ३६४ मिग्रॅ. भरते, पण ती या भागात रोजच्या ताटात नाही. तिळात हजारांहून अधिक मिग्रॅ. असल्याने भाकरीसोबत तिळाची चटणी आणि जमेल तेव्हा दूध-दही हा हाताशी असलेला मार्ग.

ड जीवनसत्त्व : ऊन भरपूर असूनही कमतरता सर्रास आढळते. डोल्युटेग्राव्हिर येण्यापूर्वी सरसकट दिले जाणारे एफाव्हिरेन्झ या औषधामुळे हे जीवनसत्त्व यकृतात लवकर मोडले जाते. झिंबाब्वे व झांबिया येथील ‘व्हायटॅलिटी’ चाचणीत ११ ते १९ वयाच्या एचआयव्हीबाधित मुलांना ४८ आठवडे, आठवड्याला २०,००० एककांचे ड जीवनसत्त्व व रोज कॅल्शियम देऊन पाहण्यात आले.

क्षयरोग : पाठदुखी असलेल्या मुलात आधी मणक्याचा क्षयरोग वगळावा. (पहा : क्षयरोग, अस्थींचा.)

खुबा : मांडीच्या हाडाचे डोके रक्तपुरवठ्याअभावी झिजण्याचा विकार (पर्थेस) या मुलांत अधिक आढळतो. लंगडणाऱ्या मुलाचा एक्स-रे काढावा.

व्यायाम : धावणे, उड्या मारणे, दोरीवरच्या उड्या. आजारी म्हणून खेळाच्या तासाला बसवून ठेवू नये. मुलाचा आजार शाळेला सांगण्याची सक्ती नाही. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने (अंमल १० सप्टेंबर २०१८ पासून) गुप्ततेचे संरक्षण दिले आहे.

अस्थिभंग : किरकोळ पडण्याने लांब हाड वारंवार मोडल्यास पूर्ण तपासणी करावी.