खांद्यावरून काठमांडूला

फौजी माणसाची बदली झाली की घरातलं बहुतेक सगळं काळ्या ट्रंकांमध्ये मावतं. मावत नाही ती गाडी. त्यातून ती वडिलांच्या काळातली पद्मिनी किंवा अँबेसेडर असली, तर विचारायलाच नको. पुण्याहून उत्तर बंगालात जायचं म्हणजे आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र घ्या, टाकीतलं पेट्रोल काढा, बॅटरीची तार सोडा, दिवे आणि बंपर जुन्या गोधड्यांत गुंडाळा. नव्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर पुन्हा नोंदणी. गाडी उतरली की पहिलं काम म्हणजे भोवती एक चक्कर मारून ओरखडे मोजायचे.

मेसमध्ये या विषयावर तासभर तक्रारी चालतात. त्या ऐकताना मला रक्सौलपलीकडची एक वाट आठवते. तिच्यावरून मोटारी जायच्या, पण तिच्यावर एकही मोटार कधी चालली नाही.

गोष्ट नेपाळच्या राणा राजवटीची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काठमांडूत महाल होते, खोऱ्यात मोटारी फिरण्याजोगे रस्ते होते आणि राणा मंडळींना परदेशी गाड्यांची हौस होती. खोऱ्यातून बाहेर पडणारा गाडीरस्ता मात्र नव्हता. चंद्र शमशेर पंतप्रधान असताना, 1927 मध्ये, रक्सौल ते अमलेखगंज ही सुमारे 39 किलोमीटरची छोटी रेल्वे सुरू झाली. अमलेखगंजपासून पुढे लॉऱ्या भीमफेदीपर्यंत जात. तिथे डोंगर उभा राही आणि रस्ता संपे. भीमफेदीहून चिसापानी गढी, कुलेखानी, चितलांग, मग दोन हजार मीटरहून उंच असलेली चंद्रागिरीची खिंड आणि पलीकडे उतरलं की थानकोट. ही सगळी पायवाट. सडा माणूस ती दीड-दोन दिवसांत पार करी.

मालासाठी 1920 च्या दशकात रोपवे उभा राहिला. धान्य, कापड, मीठ त्यावरून वर जाई. मोटारीसारखा अवजड, अखंड नग त्यावर चढत नसे. मग मोटार माणसांनी उचलायची. चाकं काढून घ्यायची, खाली लांब बांबूंचा सांगाडा बांधायचा, आणि साठ-सत्तर भरियांनी तो खांद्यावर घ्यायचा. नेपाळीत हमालाला भरिया म्हणतात. मोठी गाडी असेल तर माणसं आणखी जास्त. भीमफेदी ते थानकोट हा प्रवास आठवडाभर चाले. 1950 च्या सुमारास फोल्कमार वेंट्झेल या छायाचित्रकारानं हे दृश्य टिपलं. ओढ्याच्या पाण्यात उतरलेली अनवाणी माणसं आणि त्यांच्यावर तरंगल्यासारखी दिसणारी मोटार. हा फोटो पुढे जगभर गाजला.

अकादमीत ज्यांनी ओंडका खांद्यावर घेऊन पीटी केली आहे, त्यांना हा फोटो वेगळा दिसेल. आठ जण ओंडका उचलतात तेव्हा भार सारखा वाटला जात नाही. उंच माणसाच्या खांद्यावर जास्त येतो. चढावर मागचे दबतात, उतारावर पुढचे. एकाचं पाऊल चुकलं तर शेजारच्याची मान जाते. हे सपाट मैदानावर, पायात बूट असताना. इथे साठ-सत्तर जण, निसरडी पायवाट आणि वर टनभर लोखंड. वळणावर बाहेरच्या बाजूला असणाऱ्याच्या पायाखाली काय असेल, याचा विचार करून पाहा.

माउंटन आर्टिलरीत राहिलेल्या वाचकांच्या मनात प्रश्न येईल, की मोटार सुटी करून का नेली नाही? 3.7 इंची पहाडी तोफ आठ खेचरांवर जायची. पण ती तोफ मुळात सुटी होण्यासाठीच घडवलेली होती. मोटारीचं तसं नाही. तरीही ल्हासाला त्या सुट्या करूनच गेल्या. तेराव्या दलाई लामांच्या दोन बेबी ऑस्टिन आणि एक डॉज या गाड्या हिमालय ओलांडताना तुकड्यातुकड्यांनी नेल्या आणि तिकडे पुन्हा जोडल्या. तो पल्ला कैक आठवड्यांचा. अखंड मोटार तेवढ्या लांब खांद्यावर नेणं अशक्यच. काठमांडूचा पल्ला आखूड होता आणि उचलणारी माणसं वाटेवरच्याच गावांत राहत होती. मालकाला तेच सोयीचं पडलं.

ही माणसं कोण होती? त्यांत बरेच तामांग होते, मकवानपूर आणि आसपासच्या डोंगरांतले. 1854 च्या मुलुकी ऐन या कायद्यानं त्यांना, तेव्हाच्या भाषेत ‘भोटे’ लोकांना, अशा वर्गात टाकलं होतं ज्यांना गुलाम करता येत असे. दरबारासाठी वेठ हा त्यांचा नेहमीचाच भाग होता. अभ्यासक सांगतात, की खोऱ्याभोवतीच्या तामांगांना राणा दरबार गोरखा पलटणींत सहसा जाऊ देत नसे, कारण ओझी वाहायला हीच माणसं हाताशी हवी होती. काही जण गुरुंग किंवा लामा असं नाव सांगून भरती झाले. म्हणजे बंदूक खांद्यावर घेण्यासाठी नाव बदलावं लागे, मोटार खांद्यावर घ्यायला मात्र नाव कुणी विचारतच नसे.

1951 मध्ये राणा राजवट संपली. 1953 मध्ये भारतीय सेनेच्या इंजिनिअर्सनी त्रिभुवन राजपथाचं काम हाती घेतलं आणि 1956 पर्यंत रस्ता झाला. तो चंद्रागिरीच्या जुन्या वाटेनं न जाता भैंसे, सिमभञ्ज्याङ, दामन, नौबिसे असा वळसा घालून थानकोटला पोचतो. सिमभञ्ज्याङची खिंड 2488 मीटरवर आहे. आपल्या सॅपर्सच्या कामगिऱ्यांत या रस्त्याचा उल्लेख पुलांच्या आणि युद्धांच्या मागे कुठेतरी येतो. माझ्या मते तो बराच पुढे यायला हवा. व्यापार आणि मुत्सद्देगिरी यांचा हिशोब इतिहासकार मांडतीलच. पण या रस्त्यानं शेकडो माणसांच्या मानेवरून मोटार उतरवली, ही त्याची पहिली कमाई.

त्या मोटारींच्या मालकांची नावं, महालांची नावं, गाड्यांचे मेक पुस्तकांत सापडतात. उचलणाऱ्यांची नावं क्वचितच. त्या पिढीतले आता जवळजवळ सगळे गेले आहेत, पण त्यांचे मुलगे आणि नातू आहेत. त्यांच्यातले काही आपल्याच पलटणींतून सुभेदार होऊन गावी परतले आहेत.

म्हणून गोरखा पलटणींत नोकरी केलेल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या संपर्कात मकवानपूर किंवा चितलांगकडचे कुणी निवृत्त साहेब असतील, तर पुढच्या फोनवर पेन्शन आणि ईसीएचएसच्या गोष्टी झाल्या की त्यांच्या आजोबांबद्दल जरूर विचारा. मोटार वाहिली होती का, किती दिवस लागले, मजुरी काय मिळाली, वाटेत कोण पडलं. नाव आणि गावासकट लिहून ठेवा.