घरातील स्मार्ट दिवे : घेण्याआधी आणि बसवताना

मंडळाच्या सभासदांकडून अलीकडे एक विचारणा वारंवार होते. "मोबाईलवरून चालणारे दिवे घ्यावेत का? घेतले तर कोणते, आणि आपल्या जुन्या घरात ते चालतील का?" विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची मुले पुण्या-मुंबईत, बंगळुरूत किंवा आखातात आहेत आणि पेडणे-डिचोलीकडील घरात वयस्कर आईवडील दोघेच, किंवा एकटेच, राहतात. काहींची घरे तर चवथ आणि मे महिना सोडून वर्षभर बंदच असतात. म्हणून हा विषय हौसेपेक्षा काळजीचा अधिक आहे.

आम्ही उभयतांनी आमच्या पेडण्याच्या घरात आणि सौ.च्या डिचोलीतील माहेरी असे दिवे स्वतः बसवून वापरले आहेत. त्यात चुकाही केल्या. बँकेच्या नोकरीत जी सवय लागली, ती म्हणजे प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवणे. त्या नोंदवहीतून सभासदांच्या उपयोगाचे तेवढे येथे देत आहोत.

आमची पहिली चूक

आमच्या घराची न्हाणी आणि शौचालय मागच्या पडवीच्या टोकाला. आईचे वय ८४. रात्री तिला दोनदा उठावे लागते. आम्ही पडवीत स्मार्ट बल्ब लावला आणि सूर्यास्ताला मंद लागेल, सूर्योदयाला बंद होईल, अशी वेळ मोबाईलवर ठरवून दिली. पहिले चार दिवस छान गेले. पाचव्या दिवशी निजायला जाताना आईने आयुष्यभराच्या सवयीप्रमाणे भिंतीवरचे बटण बंद केले. बटण बंद म्हणजे बल्बला वीजच नाही. मग मोबाईलमधली वेळ काय कामाची? "आता दिवा आपोआप लागतो" असे आम्हीच तिला सांगितले असल्यामुळे तिने रात्री बटण चाचपलेही नाही. अंधारात पडवीच्या पायरीवर तिचा पाय सरकला. मनगट सुजण्यावर निभावले, हाड मोडले नाही, ही देवाची कृपा.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नियम आहे. कुठलाही दिवा भिंतीवरच्या बटणाने लागला आणि विझला पाहिजे. मोबाईल, आवाज, वेळापत्रक ही सगळी वरची सोय. पुढचे सगळे मुद्दे या नियमाला धरून आहेत.

बल्ब, बटण की सेन्सर?

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात.

१. *स्मार्ट बल्ब.* जुना बल्ब काढून हा लावायचा. सर्वांत सोपे. प्रकाश मंद करता येतो, रंग बदलता येतो. मात्र भिंतीवरचे बटण कायम चालू ठेवावे लागते. एकट्याच्या खोलीत, टेबलावरच्या दिव्यात ठीक. वयस्कर माणसांच्या वाटेवर नको.

२. *स्मार्ट बटण किंवा बटणामागचे मॉड्यूल.* बोर्डाच्या मागे काडेपेटीएवढे उपकरण बसते. बल्ब साधाच राहतो, बटणही नेहमीसारखे चालते आणि मोबाईलवरूनही दिवा लागतो. पाहुणे, कामाला येणारी बाई, आजी, कोणालाही काही शिकवावे लागत नाही. आमची पसंती याला आहे.

३. *हालचाल ओळखणारा सेन्सर दिवा.* माणसाच्या अंगाची ऊब हलताना ओळखून दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. याला ना इंटरनेट लागते ना मोबाईल. आईच्या वाटेवर शेवटी आम्ही हाच लावला. बटणाचा साधा दिवा शेजारी तसाच ठेवला आहे. मांजर गेले तरी सेन्सरचा दिवा लागतो, तेवढे चालवून घ्यायचे.

४. *स्मार्ट प्लग.* टेबल लॅम्प, आकाशकंदील, मखरातील माळा यांच्यासाठी. प्लगवर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. सहा अँपिअरच्या प्लगवर गिझर किंवा पंप कधीही लावू नये. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर जवळपास पावणेनऊ अँपिअर घेतो.

स्मार्ट बटणाच्या वाटेवर स्मार्ट बल्ब लावू नये. बटणाने वीज तोडली की बल्ब मोबाईलला सापडत नाही आणि दोन्हींचा पैसा वाया जातो.

आधी वायरिंग तपासा

आपल्याकडील चिऱ्याच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीतून नेलेल्या तारा आजही दिसतात. अशा वायरिंगमध्ये पुष्कळदा बटणापर्यंत फक्त फेजची तार आलेली असते, न्यूट्रल थेट दिव्याकडे गेलेली असते. बहुतेक स्मार्ट बटणांना चालू राहण्यासाठी न्यूट्रल लागते. न्यूट्रलशिवाय चालणारी बटणेही मिळतात, पण कमी वॅटचा एलईडी त्यांवर कधीकधी लुकलुकतो किंवा बंद केल्यावरही मिणमिणत राहतो.

एक सोपी खूण सांगतो. ज्या बोर्डावर प्लग पॉइंट आहे, तिथे न्यूट्रल आलेलीच असते, कारण तिच्याशिवाय प्लग चालणार नाही. म्हणून स्मार्ट बटणाची सुरुवात अशा बोर्डापासून करावी. तपासणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच, मुख्य स्विच बंद करून. त्याच भेटीत त्याच्याकडून अर्थिंग आणि एमसीबी पाहून घ्यावेत, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्यावा. हा खर्च दिव्यांच्या खर्चाआधीचा आहे. घरातील तारा धोक्याच्या असतील तर स्मार्ट दिव्यांचे पैसे तिकडे वळवावेत, असे आम्ही स्पष्टच सांगतो.

पाऊस, वीज आणि मध्यरात्रीचा झगमगाट

मे अखेरचा वळीव असो की जून-जुलैचा धो-धो पाऊस, तारांवर फांदी पडणे आणि वीज जाणे आपल्याला नवे नाही. स्मार्ट दिव्यांच्या बाबतीत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, वीज परत आल्यावर दिव्याने काय करायचे हे ठरवून द्यावे लागते. अनेक बल्ब पूर्ण प्रकाशात आपोआप लागतात. सौ.च्या माहेरी एका पावसाळी रात्री तीनच्या सुमारास वीज आली आणि सहाही बल्ब एकदम पांढरेफेक लागले. घरात चोर शिरले असे वाटून तिच्या काकांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या. ॲपमध्ये "वीज आल्यावरची स्थिती" अशा अर्थाची सेटिंग असते. तिथे "आधी होते तसे" निवडावे. खरेदीआधी ती सोय आहे का, हे विचारून घ्यावे.

दुसरी, राउटर इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर नसेल तर दिवे इन्व्हर्टरवर असूनही मोबाईलला सापडणार नाहीत.

तिसरी, विजांचा कडकडाट सुरू झाला की राउटरचा प्लग काढून ठेवावा. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवल्यास महागड्या उपकरणांचे बरेच रक्षण होते. तो नीट काम करायला अर्थिंग चांगले हवे.

वीज गेल्यावर आपोआप बॅटरीवर चालणारे रिचार्जेबल एलईडी बल्ब मिळतात. ते "स्मार्ट" म्हणून विकले जात नाहीत, पण जिन्यात, देवघरात आणि न्हाणीच्या वाटेवर असा एकेक बल्ब असावाच.

वाय-फायची अडचण

स्वस्तातले बहुतेक स्मार्ट दिवे २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायवर चालतात. मोबाईल ५ गिगाहर्ट्झवर जोडलेला असेल तर पहिल्या जोडणीत अडचण येऊ शकते. राउटरमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि जोडणीपुरता मोबाईल २.४ वर आणावा. चिऱ्याच्या दीड-दोन फुटी भिंतीतून वाय-फाय पुढे जात नाही. दिवा लावायच्या जागी आधी मोबाईल घेऊन उभे राहावे. तिथे व्हिडिओ अडखळत असेल तर दिवाही अडखळेल. अशा वेळी मधल्या खोलीत दुसरे वाय-फाय उपकरण ठेवावे, किंवा झिग्बी पद्धतीचे दिवे घ्यावेत. त्यांना वेगळा हब लागतो, पण विजेवर चालणारी झिग्बी उपकरणे एकमेकांमार्फत संदेश पुढे पोहोचवतात.

खरेदीची यादी

– होल्डर : आपल्याकडे खटक्याचा बी-२२ आणि आटे असलेला ई-२७ असे दोन्ही असतात. जुना बल्ब काढून दुकानात न्यावा.
– प्रकाश : वॅटपेक्षा ल्युमेन पाहावेत. जुन्या ६० वॅटच्या बल्बसाठी ८०० ल्युमेनच्या आसपास.
– छटा : २७०० ते ३००० केल्विन पिवळसर, ४००० मध्यम, ६५०० पांढराशुभ्र. निजायच्या खोलीत पिवळसर, स्वयंपाकघरात आणि वाचनाला मध्यम.
– खूण : खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि "आर-" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक.
– 'मॅटर' चिन्ह : वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालावीत म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये हे मानक जाहीर झाले. ॲपल, गूगल, ॲमेझॉन, सॅमसंग यांचा त्यात सहभाग आहे. हे चिन्ह असेल तर उद्या दुसऱ्या कंपनीचा दिवा घेता येतो.
– पावती : वॉरंटीचा कालावधी लिहिलेली पक्की पावती. तिचा फोटो काढून ठेवावा.

एकदम बारा दिवे घेऊ नयेत. एक घ्यावा, पावसाळ्यातला एक महिना वापरावा, मग पुढचे.

हिशेब

"विजेचे बिल खाली येईल" असे विक्रेता सांगतो. आकडे पाहू. ६० वॅटचा जुना बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट. त्याजागी ९ वॅटचा साधा एलईडी लावला तर १.३५ युनिट. बचत झाली ती इथेच, आणि ती आपल्यापैकी बहुतेकांनी केव्हाच केली आहे. स्मार्ट बल्ब विझलेला असतानाही मोबाईलची वाट पाहत थोडी वीज घेतो. ती अर्धा वॅट धरली तर महिन्याला साधारण पाव ते तृतीयांश युनिट होते. असे दहा बल्ब म्हणजे सुमारे तीन युनिट. तेव्हा बिलासाठी स्मार्ट दिवे घेऊ नयेत. म्हाताऱ्या माणसाच्या पायाखाली उजेड पडावा, बंद घर संध्याकाळी उजळावे, एवढ्यासाठी घ्यावेत. त्या कामाला तीन-चार दिवे पुरतात.

अंगण, सण आणि किनारा

बंद घरासाठी ठरावीक सात वाजताची वेळ न देता "सूर्यास्त" निवडावा. आपल्याकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळते आणि जुलैत सव्वासातपर्यंत उजेड असतो. बाहेरचा दिवा आयपी-६५ दर्जाचा घ्यावा. पेडण्याच्या किनारपट्टीवर खारी हवा आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात तांबडी धूळ, दोन्ही होल्डर खातात. वर्षातून एकदा वीज बंद करून पुसून घ्यावे.

चवथीला माटोळीजवळ आणि मखरात एलईडी माळाच लावाव्यात. सुकी पाने, सुपाऱ्या, कापूस यांच्याजवळ तापणारे दिवे नकोत. स्मार्ट प्लगवर रात्री अकराला माळ बंद होण्याची वेळ लावली की विसरायची भीती नाही. समई मात्र समईच राहू द्यावी.

मोरजी, आश्वे, मांद्रे येथील सभासदांना खास विनंती. तिथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. अंड्यातून निघालेली पिले उजेडाच्या दिशेने जातात आणि घरांच्या दिव्यांमुळे समुद्राऐवजी जमिनीकडे भरकटतात. कासवांच्या मोसमात किनाऱ्याकडचे दिवे वेळापत्रकाने बंद ठेवावेत. लावावेच लागले तर मंद, तांबूस आणि खाली वळवलेले. स्मार्ट दिव्याचा याहून चांगला उपयोग आम्हाला माहीत नाही.

खाते कोणाच्या नावावर?

हा मुद्दा आमच्या जुन्या पेशाचा. दिवे आईच्या घरात आणि खाते दुबईतील मुलाच्या मोबाईलवर, असे पुष्कळ ठिकाणी असते. मुलाने फोन बदलला की सगळे अडते. खाते घरात राहणाऱ्याच्या नावावर उघडावे आणि ॲपमधील "सदस्य जोडा" या सोयीने मुलांना घ्यावे. पासवर्ड सांगत बसू नये. बँकेचा पासवर्ड इथे वापरू नये. राउटरचा मूळ पासवर्ड बदलावा. "तुमचे दिव्यांचे खाते बंद होणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आल्यास ठेवून द्यावा. दिव्यांची नावे साधी ठेवावीत : पडवी, देवघर, माजघर. आणि एक वहीचे पान वायरमनसाठी : कोणत्या बोर्डामागे काय बसवले आहे.

शेवटी एक परीक्षा. सगळे बसवून झाल्यावर मोबाईल बाजूला ठेवा, राउटर बंद करा आणि घरातील सर्वांत वयस्कर माणसाला अंधार पडल्यावर अंथरुणापासून न्हाणीपर्यंत आणि परत जाऊ द्या. आपण मागे चालावे, बोलू नये. तिला कुठेही भिंत चाचपावी लागली नाही, तर काम नीट झाले असे समजावे. आमची आई ही परीक्षा तिसऱ्या वेळी उत्तीर्ण झाली. खरे तर तोवर आम्हीच दोनदा नापास झालो होतो.