खामोशीची खबर

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

‘सर्व्हर बंद आहे, उद्या या.’ हे वाक्य आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. सातबारा काढायला गेलेला शेतकरी, रेशनच्या रांगेतली म्हातारी, परीक्षेचा अर्ज भरणारा मुलगा, सगळ्यांनी ते ऐकलेले असते. मला त्यात एक प्रश्न नेहमी पडतो. तो सर्व्हर बंद पडला केव्हा? पुष्कळदा तो रात्रीच पडलेला असतो आणि त्याची पहिली खबर लागते ती सकाळी, रांगेत सर्वांत पुढे उभ्या असलेल्या माणसाला. म्हणजे त्या यंत्रणेची धोक्याची घंटा कोण? तर ज्याची दिवसाची मजुरी बुडाली तो!

श्रोतेहो, चालणारी गोष्ट आवाज करते. बंद पडलेली गोष्ट ‘मी बंद पडले’ असे सांगू शकत नाही. ही अडचण काही संगणकाबरोबर आलेली नाही. ती फार जुनी आहे आणि माणसाने तिच्यावर उपायही फार जुने शोधले आहेत.

मी साखरखेर्ड्याचा. सिंदखेडराजा तालुक्यातले हे गाव. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजामुल्मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, दख्खनची सत्ता निजामाच्या हाती गेली आणि गावाला विजयाचे म्हणून फतेहखेर्डा हे नाव मिळाले. मुबारिझखानाला दिल्ली दरबाराची फूस होती. आता विचार करा, शेकडो कोसांवरच्या दिल्लीला हे कळायचे कसे? पडलेली फौज आपल्या पडण्याचे पत्र लिहीत नाही. म्हणूनच मोगलांनी बातमी कळवणारे एकाच जातीचे ठेवले नव्हते. वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे अशा त्यांच्या वेगवेगळ्या साखळ्या होत्या. एकाने तोंड मिटले, तरी दुसऱ्याच्या कागदातून ते उघडे पडावे, हा त्यातला हिशेब. राखणदार हा राखायच्या गोष्टीहून वेगळा हवा, हा पहिला धडा.

दुसरा धडा गावाच्या गस्तीचा. जागल्या रात्री हाळी देत फिरे. झोपलेल्या गावाला त्या हाळीचा त्रास होत नसे. उलट तिच्या भरवशावर गाव झोपे. हाळी आली नाही, तर मात्र जाणत्या माणसाचे डोळे उघडत. आवाज म्हणजे खुशाली आणि खामोशी म्हणजे खबर! आमच्या मोहल्ल्यांत रमजानमध्ये सहरीला जागवणारा याच्या उलट करतो. तो दारावर थाप देतो आणि आतून कुणी ओ देईपर्यंत पुढच्या दाराकडे वळत नाही. एका रीतीत आपण हाळीची वाट पाहतो, दुसरीत आपण होऊन विचारतो, ‘जागे आहात ना?’

रेल्वेने हीच गोष्ट विजेकडून करून घेतली. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये रुळांतूनच विजेचा हलका प्रवाह खेळवण्याची युक्ती पेटंट केली. प्रवाह वाहतो आहे, तोवर सिग्नल मोकळा. गाडीची चाके रुळांवर आली की प्रवाह वळतो आणि सिग्नल धोका दाखवतो. पण खरी गंमत पुढे आहे. बॅटरी संपली, तार तुटली, तरीही सिग्नल धोकाच दाखवतो. यंत्र मेले, तर ते ‘थांबा’ म्हणून मरते. रस्ता मोकळा असल्याचे खोटे सांगत नाही.

आणि माणूस चंद्रावर गेला तेव्हा? अपोलो यानातल्या संगणकात एक छोटी व्यवस्था होती. मुख्य कार्यक्रम ठरावीक वेळात आपली खूण देतो की नाही, एवढेच ती पाहत असे. सेकंद-दोन सेकंदांत खूण आली नाही, की ती संगणकाला पुन्हा सुरू करी. अभियंत्यांनी तिचे नाव काय ठेवले होते? ‘नाइट वॉचमन’. आपला जागल्याच तो!

आजच्या सर्व्हरसाठी याहून वेगळे काही करायचे नसते. मी कवी माणूस. पण जाणकारांकडून जे समजले ते सोपे आहे. दुसऱ्या एखाद्या संगणकाने दर मिनिटाला सर्व्हरला हाक मारायची. एकदा उत्तर आले नाही म्हणून गाव उठवायचे नाही. नाहीतर ‘लांडगा आला रे आला’ होते आणि खऱ्या वेळी कुणी उठत नाही. लागोपाठ तीन हाका वाया गेल्या, की ज्याची पाळी आहे त्याच्या मोबाईलवर निरोप. त्याने ठरावीक वेळात ओ दिली नाही, तर वरच्या माणसाला. नुसते ‘काम चालू आहे’ एवढे पाहूनही भागत नाही. कारण पहारेकरी उभा असतो आणि डोळे मिटलेले असतात, तसा सर्व्हर चालू दिसतो, पण उतारा देत नाही. म्हणून मधूनमधून एक खरा उतारा मागून पाहायचा. आणि हाक मारणारा संगणक स्वतःच झोपला तर? त्याच्यावरही तिसऱ्याचे लक्ष हवे. यासाठी लागणारी नागिओससारखी साधने १९९९ पासून फुकट मिळतात.

मग अडते कुठे? २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबले. दूरसंचाराच्या लाइन तुटल्या आणि जोखमीचा हिशेब ठेवणारी व्यवस्था मिळेनाशी झाली. दुपारी पावणेचारला व्यवहार पुन्हा सुरू झाले आणि बुडालेला वेळ भरून काढण्यासाठी बाजार पाचपर्यंत चालवला गेला. ही गोष्ट मिनिटामिनिटाच्या हिशेबाने देशभर छापून आली. तिथे प्रत्येक मिनिटाला भाव आहे, म्हणून प्रत्येक मिनिटावर कुणाची तरी नजर आहे.

वीस किलोमीटरवरून एस.टी.ने आलेल्या शेतकऱ्याच्या मिनिटाला भाव नाही काय? पीकविम्याची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. संध्याकाळची गाडीही थांबत नाही. सर्व्हर बंद पडणे हा अपघात असू शकतो. यंत्र आहे, ते बंद पडणारच. पण तो बंद पडल्याचे सर्वांत आधी कुणाला कळावे, हे माणसे आधीच ठरवून ठेवतात. काही ठरवले नाही, तरी ते ठरवलेच असते. मग कळण्याचा मान रांगेतल्या पहिल्या माणसाला मिळतो.

गावाने जागल्याला बलुते दिले ते तो चोर पकडील म्हणून नव्हे, गाव झोपलेले असताना कुणीतरी जागे असावे म्हणून. सर्व्हरच्या खोलीतही एवढेच हवे आहे. रात्री दोन वाजता कुणा एकाचा फोन वाजावा, त्याने कूस न बदलता उठावे आणि सकाळी रांगेतल्या माणसाला रात्री काय झाले याचा पत्ताही लागू नये.