मॅट्रिक्स स्विचर : सिरियल आज्ञांनी नियंत्रण

अनेक चित्र-ध्वनी स्रोतांपैकी कोणताही स्रोत कोणत्याही पडद्याशी किंवा स्पीकरशी जोडून देणारे यंत्र म्हणजे मॅट्रिक्स स्विचर. पुढच्या पट्टीवरची बटणे दाबून जोडणी बदलता येते. पण सभागृहात, न्यायालयात किंवा दूरचित्रवाणी केंद्रात हे यंत्र बहुधा कुलूपबंद रॅकमध्ये असते आणि ते चालवणारा दुसऱ्याच खोलीत बसलेला असतो. म्हणून यंत्राच्या पाठीवरच्या सिरियल पोर्टमधून ठरावीक अक्षरे किंवा बाइट पाठवून त्याला हुकूम देतात. हुकूम लॅपटॉपवरून आला की भिंतीवरच्या टचपॅनेलमागच्या कंट्रोलरकडून, याची स्विचरला पर्वा नसते.

आतली रचना जुन्या क्रॉसबार टेलिफोन एक्सचेंजसारखी असते. इनपुटच्या आडव्या आणि आउटपुटच्या उभ्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक स्विच असतो, त्याला क्रॉसपॉइंट म्हणतात. १६ इनपुट आणि १६ आउटपुट असलेल्या यंत्रात असे २५६ क्रॉसपॉइंट होतात. नियम एकच: एक इनपुट हव्या तितक्या आउटपुटांना देता येतो, पण एका आउटपुटवर एका वेळी एकच इनपुट. त्यामुळे एवढ्या जाळ्याची स्थिती सांगायला १६ आकडे पुरतात, आणि एक जोडणी बदलायला दोन.

या आज्ञा ज्या तारेवरून जातात ते आरएस-२३२ हे मानक अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशनने १९६० मध्ये मोडेमच्या जोडणीसाठी आणले. त्याची सर्वांत रुळलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ ची. तारेवर उणे ३ ते उणे १५ व्होल्ट म्हणजे १ आणि अधिक ३ ते अधिक १५ व्होल्ट म्हणजे ०. नऊ पिनांपैकी स्विचरला तीनच लागतात: २, ३ आणि ५. पाचवी समाईक ग्राउंड, उरलेल्या दोन पाठवण्याच्या आणि घेण्याच्या. एकाची पाठवणारी पिन दुसऱ्याच्या घेणारीला मिळायला हवी. उलटसुलट केबल लागली की दोन्ही यंत्रे ठणठणीत असूनही संवाद शून्य. जुनी शिफारस ५० फुटांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १५ मीटरच्या केबलची होती. त्यापुढच्या अंतरासाठी जोडतारांवर चालणारे आरएस-४२२ वापरतात. कमी वेगात ते १,२०० मीटरपर्यंत पोचते.

दोन्ही टोकांचे हिशेब जुळावे लागतात: बहुतेक जुन्या स्विचरांवर वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. टर्मिनलवर उत्तराऐवजी चित्रविचित्र अक्षरे उमटली तर नवखा माणूस घाबरतो. खरे तर ते शुभलक्षण आहे. तारा बरोबर लागल्या आहेत, फक्त वेग चुकला आहे. काहीच न उमटणे हे जास्त वाईट.

प्रत्येक उत्पादकाने आज्ञांचे आपले व्याकरण केले आणि खरी गंमत तिथेच आहे. एक्स्ट्रॉनच्या ‘सिंपल इन्स्ट्रक्शन सेट’मध्ये पहिला इनपुट दुसऱ्या आउटपुटला जोडायला चार चिन्हे पुरतात: १*२! (तारेवर अर्थात आस्की संकेतातले इंग्रजी अंक जातात, देवनागरी १ पाठवला तर स्विचरला त्यातले काही कळणार नाही.) उद्गारचिन्ह म्हणजे चित्र आणि ध्वनी दोन्ही. फक्त ध्वनी हवा असेल तर त्या जागी डॉलरचे चिन्ह येते. हे शेवटचे चिन्हच आज्ञेचा पूर्णविरामही असते, एंटर दाबावे लागत नाही. ०*२! म्हटले की दुसरे आउटपुट मोकळे होते. संक्षेपाची किंमतही आहे. १*! याचा अर्थ ‘पहिला इनपुट सगळ्या आउटपुटांना’. प्रोग्रॅममधला एक आकडा गळाला तर अध्यक्षांच्या लॅपटॉपवरचे सगळे काही प्रत्येक पडद्यावर झळकते.

ऑटोपॅचचे व्याकरण बोलके. तिथे हीच जोडणी ‘सीएल०आय१ओ२टी’ अशी लिहितात: बदल, लेव्हल शून्य, इनपुट एक, आउटपुट दोन आणि शेवटी ‘टेक’, म्हणजे ‘आता कर’. टी येईपर्यंत काही घडत नाही. क्रेमरच्या ‘प्रोटोकॉल २०००’मध्ये अक्षरे नाहीतच, नेमके चार बाइट असतात: ०१ ८१ ८२ ८१. पहिला बाइट म्हणजे चित्र बदलण्याची सूचना, मग इनपुट, मग आउटपुट, शेवटी यंत्राचा क्रमांक. ८२ हे सोळाच्या पायावर लिहिलेले १२८ अधिक २ आहे. पहिल्या बाइटचा वरचा बिट नेहमी ० आणि बाकी तिघांचा नेहमी १, म्हणूनच त्यांच्यात १२८ मिळवलेले असतात. मधूनच ऐकू लागलेल्या यंत्रालाही आज्ञा कुठून सुरू झाली ते यामुळे उमगते. पूर्णविरामाऐवजी आरंभाची खूण केली, ही युक्ती देखणी आहे. वाचायला मात्र ही भाषा रुक्ष. पुढे त्याच कंपनीने ‘प्रोटोकॉल ३०००’ आणला तो वाचता येईल अशा अक्षरांचा.

आज्ञेइतकेच उत्तर महत्त्वाचे असते आणि प्रोग्रॅम लिहिणारे नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. एक्स्ट्रॉनचा स्विचर जोडणी झाल्यावर ‘आउट२ इन१ ऑल’ असे कळवतो. नसलेला इनपुट मागितला तर ‘ई०१’, आज्ञाच कळली नाही तर ‘ई१०’. ऑटोपॅच आपलीच अक्षरे परत उमटवतो. शेवटचा टी परत आला की काम फत्ते. क्रेमरच्या उत्तरात पहिल्या बाइटचा एक बिट उठतो आणि ०१ चे ४१ होते. पॅनेलवरचे बटण ‘आपण हुकूम पाठवला’ एवढ्यावर उजळवू नये, पावती आल्यावरच उजळवावे. नाहीतर पॅनेल एक सांगते आणि पडदा दुसरेच दाखवतो. कोणी रॅकपाशी जाऊन हाताने बटण दाबले तर ही फारकत हमखास होते. क्रेमर अशा वेळी स्वतःहून नव्या जोडणीचे बाइट पाठवतो. एक्स्ट्रॉनचे क्रॉसपॉइंट स्विचर नुसते ‘क्यूआयके’ म्हणून सावध करतात; बदलले काय, ते कंट्रोलरने विचारून घ्यायचे.

पावतीलाही मर्यादा आहे: जोडणी झाली एवढेच ती सांगते, चित्र दिसू लागले की नाही ते नाही. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० अक्षरे जातात, म्हणजे चार अक्षरांची आज्ञा सुमारे ४ मिलिसेकंदांत पोचते. भारतात रुळलेल्या पाल पद्धतीत चित्राची एक चौकट ४० मिलिसेकंदांची. चांगले यंत्र दोन चौकटींमधल्या कोऱ्या अवकाशात जोडणी बदलते आणि चित्र उसळत नाही. एचडीएमआयने हे सुख हिरावले. तिथे क्रॉसपॉइंट तत्क्षणी बदलतो, पावतीही येते, पण स्रोत आणि पडदा यांच्यात एचडीसीपी या नक्कलरोधक व्यवस्थेची ओळखपाळख होईपर्यंत पडदा काही क्षण काळाच राहतो. उतावळा माणूस तेवढ्यात तीच कळ पुन्हा दाबतो आणि ओळखपाळख पहिल्यापासून सुरू होते.

एकदम अनेक जोडण्या बदलायच्या असतील तर त्या आधी प्रीसेट म्हणून साठवतात. एक्स्ट्रॉनमध्ये ‘३,’ म्हणजे चालू स्थिती तिसऱ्या प्रीसेटमध्ये ठेव आणि ‘३.’ म्हणजे ती परत आण. स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांत गल्लत झाली की साठवलेली मांडणी पुसली जाते.

नेटवर्क आले तरी ही व्याकरणे मोडीत निघाली नाहीत. एक्स्ट्रॉनची तीच अक्षरे टेलनेटच्या पोर्ट २३ वरून जातात. आता ती उघड्या मजकुरात इमारतभर फिरतात, म्हणून स्विचरला स्वतंत्र नेटवर्कवर ठेवावे लागते. ब्लॅकमॅजिकच्या व्हिडिओहब या स्विचरने टीसीपीच्या ९९९० क्रमांकाच्या पोर्टवर स्वतःचे मजकुरी व्याकरण ठेवले. त्यात आधी आउटपुट, मग इनपुट, आणि मोजणी शून्यापासून. १*२! या जोडणीची ओळ तिथे ‘१ ०’ अशी लिहावी लागते.