कोपऱ्यावरची भिंत

स्मरणिका समितीने ‘संस्थेचा इतिहास लिहा’ असा आग्रह केला. जागा, कर्ज, बांधकाम यावर बाकीचे लिहितीलच. मी आपल्या कोपऱ्यावरच्या चौकाचा इतिहास लिहितो.

शिरोळ जुनं गाव. इथले रस्ते बैलगाडीच्या चालीचे. वळणापलीकडचं दिसलं नाही तरी घुंगरांचा आवाज आधी यायचा. जयसिंगपूरचं तसं नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली, आणि 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी वडिलांच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ स्टेशनजवळ वसवली. रस्ते सरळ, रुंद, एकमेकांना काटकोनात छेदणारे. नोकरीत असताना तिथल्या चौकांतून मी रोज सायकलने जायचो. मोकळ्या चौकात चारी बाजूंचं दिसतं, पण सरळ रस्त्यावर वेगही वाढतो, हे तेव्हाच ध्यानात आलं.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांच्या वाटा 32 ठिकाणी एकमेकींना भिडतात. मधे एकपदरी गोल सर्कल केलं तर अशा जागा 8 उरतात, आणि प्रत्येकाला वेग कमी करावाच लागतो. सर्कलमध्ये आधीपासून असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं, हा नियम इंग्लंडने 1966 मध्ये केला. आपल्याकडच्या 2017 च्या नियमांतही तो आहे. पण आपल्या चौकात सर्कलला जागा कुठली? मग उपाय उरतो एकच. येणारा लांबून दिसला पाहिजे.

मी खजिनदार असताना एका सभासदाने सर्वसाधारण सभेत सुचवलं, की कोपऱ्यावरची सहा फुटी भिंत तिरकी कापून ठेंगणी करावी. विरोध मीच केला. ‘आपली जागा आपण का सोडायची?’ म्हणालो, वर खर्चाचा आकडाही वाचून दाखवला. टाळ्या मिळाल्या.

त्याच गळीत हंगामात माझा नातू सायकलवरून कोपऱ्यापुढे गेला आणि मुख्य रस्त्याने उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला. ब्रेक दाबला तरी भरल्या ट्रॉल्या जागेवर थांबत नाहीत. नातवाचा पाय मोडला, जीव वाचला. ड्रायव्हर थरथरत म्हणाला, ‘काका, भिंतीआडनं पोरगं दिसलंच नाही ओ!’ खरंच होतं ते.

पुढच्या सभेत ठराव मीच मांडला आणि आधीच्या भाषणाबद्दल माफीही मागितली. कोपरा तिरका झाला, भिंत तीन फुटांवर आली. मग अर्ज-विनंत्या करून गतिरोधक आणि पांढरे पट्टेही मिळवले. त्यानंतर तिथे कुणाचं हाड मोडल्याचं मी ऐकलेलं नाही.

पण भिंतीचं काम आता बोगनवेल करू लागलीय. खाली स्कूटर लागतात. आपल्या रौप्यमहोत्सवाचा फ्लेक्सही नेमका त्याच कोपऱ्यावर लावलाय! तरुण सभासदांना एवढंच सांगणं, की कार्यक्रम संपायची वाट न बघता आधी तो काढा. कात्री घेऊन मी खाली येतोच आहे.