भीतीच्या पायऱ्या

चिंताविकारासाठी उपचार घेणाऱ्यांना थेरपिस्ट अनेकदा भीतीच्या पायऱ्या लिहायला सांगतात. लिफ्टची धास्ती असेल तर सगळ्यांत खाली ‘उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं’ आणि सगळ्यांत वर ‘एकट्याने दहाव्या मजल्यावर जाणं’. प्रत्येक पायरीपुढे ० ते १०० असे भीतीचे गुण. या कागदाचं मूळ शोधत गेलं, तर आपण न्यूयॉर्कमधल्या एका सशापाशी पोचतो.

त्याआधी बाल्टिमोरमध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन आणि रोझली रेनर यांनी नेमका उलटा, भीती लावण्याचा उद्योग केला होता. तान्ह्या अल्बर्टने पांढऱ्या उंदराला हात लावला, की मागे लोखंडी कांबीवर हातोडी हाणायची. शेवटी पोर नुसता उंदीर दिसला तरी रडू लागलं. १९२० साली हा प्रयोग छापून आला. त्याच्या मनातली भीती काढायचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

ते काम रेनरची कॉलेजातली मैत्रीण मेरी कव्हर जोन्स हिने अंगावर घेतलं, अर्थात न्यूयॉर्कमधल्या दुसऱ्या मुलावर. पीटर जेमतेम तीन वर्षांचा. ससा, फरचा कोट, पीस, कापूस, सगळ्याला भ्यायचा. सुरुवातीला पिंजऱ्यातला ससा खोलीत कुठेही असला तरी त्याला चालत नसे. मग बारा फुटांवर चालला, चार फुटांवर चालला, पुढे ससा खोलीत मोकळा सोडला तरी चालला. मधेच पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला, आणि इस्पितळातून परतताना एक मोठा कुत्रा अंगावर आला. सगळी कमाई गेली. तेव्हा बाईंनी त्याला खुर्चीत बसवून आवडीचं खाऊ घातलं आणि खाण्यात व्यत्यय येणार नाही अशा बेताने ससा जवळ आणत नेला. अखेर पीटर सशाला बोटं कुरतडू देऊ लागला. कापसाची आणि कोटाची भीतीही त्यासोबत गेली.

हे १९२४ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या लेखात बाईंनी नोंदवलंय की मुलांना समजावून सांगणं किंवा त्यांची थट्टा करणं यांतून भीती जात नाही. ‘एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?’ हा आपला घरगुती उपाय शंभर वर्षांपूर्वीच नापास झालाय, तरी चालूच आहे.

पुढे तीसेक वर्षं हे संशोधन जवळजवळ पडूनच होतं. मग दक्षिण आफ्रिकेचे जोसेफ वोल्पे आले. लष्करात डॉक्टर असताना युद्धाने हादरलेल्या सैनिकांवरचे औषधोपचार त्यांना अपुरे वाटले होते. त्यांनी आधी घाबरवलेल्या मांजरांना टप्प्याटप्प्याने खाऊ घालून निर्भय केलं आणि १९५८च्या पुस्तकात माणसांसाठी पद्धत मांडली. खाण्याच्या जागी स्नायू सैल सोडणं, सशाच्या जागी मनात आणलेलं दृश्य. गुणांची ती मोजपट्टीही त्यांचीच.

नंतरच्यांना कळलं की शिथिलीकरण नसलं तरी चालतं. भीती वाटत असताना तिथून पळ न काढणं हे महत्त्वाचं. काहींना सोबत औषधंही लागतात. पायऱ्या मात्र रुग्णाने स्वतःच ठरवायच्या, आणि पुढची कधी चढायची तेही.