एकच नाव, चार आयुष्यं: कोणती रमाबाई?

बसमध्ये असाल, लोकलच्या दारात उभे असाल, नाहीतर भांडी घासताना एका कानात इअरफोन घालून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर.

आजच्या एपिसोडची सुरुवात एका माफीने करायची आहे. मागे एकदा ७ फेब्रुवारीला, म्हणजे माता रमाई आंबेडकरांच्या जयंतीला, मी स्टेटसला एक फोटो ठेवला होता. घाईघाईत मोबाइलवर ‘रमाबाई’ टाइप केलं, जो जुना काळा-पांढरा फोटो आला तो उचलला, दोन ओळी लिहिल्या आणि टाकला. अर्ध्या तासात एका श्रोत्याचा मेसेज आला. चिडलेला नव्हता, त्यामुळे जास्तच लागला. त्याने एवढंच लिहिलं होतं, “दादा, ही आमची रमाई नाही. ह्या पंडिता रमाबाई आहेत.”

मी फोटो काढला, माफी मागितली. पण मग मलाच प्रश्न पडला की मला ह्या रमाबाई नक्की किती माहीत आहेत? शाळेत वाचल्या होत्या, सिरियलमध्ये बघितल्या होत्या. आणि डोक्यात सगळ्या मिळून एकच नऊवारीतली बाई झाली होती. तर आज ती गुंतवळ सोडवू.

पहिल्यांदा नावाबद्दल

रमा म्हणजे लक्ष्मी. घरात येणारी सून ही घरची लक्ष्मी, म्हणून हे नाव सासरच्यांना फार आवडायचं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. आणि रमेची जोडी कोणाशी? माधवाशी, म्हणजे विष्णूशी. त्यामुळे इतिहासात ‘माधवराव आणि रमाबाई’ ही जोडी एकदा नाही, दोनदा भेटते. निम्मा घोळ तिथेच होतो.

रमाबाई पेशवे

पहिली जोडी शनिवारवाड्यातली. पानिपत झालं १७६१ मध्ये. त्याच वर्षी नानासाहेब पेशवे गेले आणि माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले. पुढच्या अकरा वर्षांत त्यांनी कोसळलेलं राज्य पुन्हा उभं केलं, घरात काका राघोबादादांशी भांडणं निभावली, आणि शेवटी क्षयाने पोखरले गेले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरच्या चिंतामणीपाशी त्यांचा मृत्यू झाला. वय २७. त्यांच्या पत्नी रमाबाई तिथेच सती गेल्या. थेऊरला नदीकाठी त्यांचं स्मारक आहे.

आता गंमत बघा. आपल्याला ही रमा अगदी ओळखीची वाटते. ती कशी बोलायची, कशी हसायची, कशी रुसायची, सगळं डोळ्यांसमोर असतं. पण ती बहुतेक सगळी रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ कादंबरीतून आलेली आहे. कादंबरी आली १९६२ मध्ये. मग १९८७ मध्ये दूरदर्शनवर मालिका आली, त्यात मृणाल कुलकर्णी रमा झाल्या होत्या, आणि त्यांनीच पुढे २०१४ मध्ये ‘रमा माधव’ हा सिनेमा दिग्दर्शित केला. कादंबरी सुंदर आहे, माझ्या आईची पारायणं झालीत. पण तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं, तिचं मन सांगणारं काही आपल्यापुढे नाही. एका तरुण मुलीचा जिवंतपणी चितेवर झालेला शेवट आपण ‘अमर प्रेम’ म्हणून किती सहज ऐकतो, हे मला ह्यावेळी पहिल्यांदा जाणवलं. सतीबंदीचा कायदा १८२९ मध्ये झाला. म्हणजे सत्तावन्न वर्षं नंतर.

पंडिता रमाबाई

आता सरळ शंभरेक वर्षं पुढे येऊ. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे. ह्या माणसाने बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं आणि त्यापायी लोकांचा रोष ओढवून घेतला. मुलीलाही शिकवलं. घर असं नव्हतंच. तीर्थक्षेत्रं हिंडत, पुराणं सांगत जगायचं. दुष्काळात आई-वडील गेले, थोरली बहीण गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी पायी देश तुडवत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. वीस वर्षांची मुलगी धडाधड संस्कृत बोलते म्हटल्यावर तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ अशा पदव्या दिल्या.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे. आज आपण ज्या चार रमाबाई बघतोय, त्यांतल्या तिघी नवऱ्याच्या आडनावाने ओळखल्या जातात. ‘पंडिता’ हे मात्र कमावलेलं नाव आहे.

१८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधवी ह्या बंगाली वकिलांशी लग्न केलं. वेगळी जात, वेगळा प्रांत, नोंदणी विवाह. आजही काही घरांत ह्यावरून महाभारत होईल, आणि ही गोष्ट १८८० ची! दोन वर्षांत पटकीने तेही गेले. हातात मनोरमा नावाची तान्ही मुलगी. अशा अवस्थेत १८८२ मध्ये त्या पुण्याला आल्या.

पुण्यात दोन रमा

हा माझा आवडता भाग आहे, म्हणून जरा इथे रेंगाळू.

पुण्यात त्यांना आधार देणाऱ्यांत पुढे होते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. लोक त्यांनाही माधवराव म्हणत. आणि त्यांच्या पत्नीचं नाव काय? रमाबाई! ही आपली दुसरी जोडी.

ह्या रमाबाई जन्माने मात्र रमा नव्हत्या. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची यमुना. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालं आणि यमुनेची रमा झाली. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. रानडे विधवाविवाहाचे पुढारी, त्यामुळे ते विधवेशी लग्न करतील असं सुधारकांना वाटत होतं. वडिलांच्या हट्टापुढे ते नमले. लोकांनी टीका केली, आणि ती योग्यच होती. मोठी माणसं स्वतःच्या घरात कधीकधी लहान पडतात. पण लग्नानंतर त्यांनी ह्या मुलीला पाटी-पेन्सिलपासून शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांना ते अजिबात खपत नव्हतं. दिवसभर त्यांचे टोमणे, त्यांचा अबोला, आणि रात्री नवऱ्याकडून धडा. नवरा म्हणतो शिक, घर म्हणतं शिकू नको, आणि दोघांनाही दुखवायचं नाही. ह्या मुलीने ते वर्षानुवर्षं सांभाळलं.

तर १८८२ मध्ये ह्या दोघी एकमेकींसमोर आल्या. एक चोवीस वर्षांची, सगळं गमावलेली, कोणाला न घाबरणारी. दुसरी विशीच्या आसपासची, भरल्या घरातली, प्रत्येक पाऊल जपून टाकणारी. पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज सुरू केला, रमाबाई रानडे त्यात जायला लागल्या, आणि ह्यावरून घरी पुन्हा बोलणी खाल्ली.

पुढे रस्ते फुटले. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर होणाऱ्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला त्या हजर होत्या. आनंदीबाई त्यांच्या नात्यातल्या. आणि जाता जाता, आनंदीबाईंचंही माहेरचं नाव यमुनाच! परत आल्यावर १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला आणलं. इथे मुलींचं धर्मांतर होतंय असा आरोप झाला, ‘केसरी’तून टीकेची झोड उठली, आणि १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ज्या घराने हात दिला होता, त्यानेच तो काढून घेतला. पंडिता थांबल्या नाहीत. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या शेकडो बायका-मुलींना तिथे आणलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

आणि रमाबाई रानडे? १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. एवढी वर्षं नवऱ्याच्या सावलीत राहिलेली बाई आता घरात बसेल असं वाटलं असेल ना? १९०९ मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथे शिक्षिका तयार झाल्या, नर्स तयार झाल्या. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून त्या लढल्या. १९१० मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आलं. २०१२ ची ‘उंच माझा झोका’ मालिका ह्याच रमाबाईंची. १९२४ मध्ये त्या गेल्या.

आणि रमाई

आता ज्यांच्यामुळे हा एपिसोड झाला त्या. जन्म ७ फेब्रुवारी १८९८, दापोलीजवळच्या वणंद गावी. वडील भिकू धुत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचे. आई-वडील लवकर गेले, मुंबईत नातेवाइकांकडे वाढल्या. १९०६ मध्ये भायखळ्याच्या बाजारात, बाजार उठल्यावर रात्री, लग्न लागलं. नवरदेव भीमराव आंबेडकर, तेव्हा शाळेत होते. रमाबाई नऊ वर्षांच्या आसपास.

जरा हिशेब करा. १९०६ मध्ये पंडिता रमाबाई केडगावला होत्या, रमाबाई रानडे पुण्यात होत्या. तिघी एकाच वेळी, एकाच इलाख्यात. पण पंडितांच्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच ‘उच्च जातीची हिंदू स्त्री’ आहे. शारदा सदन निघालं ते त्याच बायकांसाठी. त्या बायकांचं दुःख खरंच होतं. पण बंदरावरच्या हमालाच्या मुलीपर्यंत ह्या शाळा पोचल्या नाहीत. नाव एकच असलं तरी दार एकच नव्हतं.

बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला गेले, मग लंडनला, पुन्हा १९२० मध्ये लंडनला. मागे घर रमाईंच्या डोक्यावर. गोवऱ्या थापल्या, एकवेळ जेवून दिवस काढले. पाच मुलं झाली: यशवंत, गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न. एकटा यशवंत वाचला. चार मुलांना मातीत ठेवून ही बाई पुन्हा चुलीपाशी उभी राहायची. बाबासाहेब त्यांना ‘रामू’ म्हणायचे, त्या त्यांना ‘साहेब’. २७ मे १९३५ रोजी दादरच्या राजगृहात त्या गेल्या. वय अवघं ३७. पुढे १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हे पुस्तक बाबासाहेबांनी रामूच्या आठवणीला अर्पण केलं, तिने सोबत सोसलेल्या दिवसांची जाण ठेवून.

त्यांचं नाव लोकांनी ‘रमाई’ केलं. भीमगीतांत त्या आहेत, वस्त्यांच्या पाट्यांवर त्या आहेत. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा जीव गेला. त्या श्रोत्याच्या मेसेजमधला ‘आमची’ हा शब्द मला हे सगळं वाचल्यावर कळला. माझ्यासाठी तो एक फोटो होता. त्याच्यासाठी ती घरातली आई होती.

मग लक्षात कसं ठेवायचं?

माझी युक्ती सांगतो. फोटोच्या आधी एक प्रश्न विचारा: हिची गोष्ट आपल्याला कोणी सांगितली? पेशव्यांची रमा कादंबरीकाराने सांगितली. पंडितांनी स्वतःची गोष्ट स्वतः लिहिली. रानड्यांच्या रमाबाईंनी लिहिलं, पण पुस्तकभर नवराच केंद्रस्थानी आहे. आणि रमाईंची गोष्ट बाबासाहेबांच्या शब्दांतून आणि लोकांच्या गाण्यांतून आली. ह्या उत्तरांवरून चौघी कायमच्या वेगळ्या होतात. आणि हो, नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारून कोर्टात लढल्या त्या डॉक्टर रखमाबाई. ‘ख’ विसरू नका, त्यांच्यावर वेगळा एपिसोड करू.

हे सगळं वाचून झाल्यावर मी आजीला फोन केला. माझ्या आजीचं नावही रमा. आधार कार्डावर तेच, बँकेत तेच. विचारलं, “आजी, तुझं माहेरचं नाव काय गं?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाली, “कृष्णा. आता कोण हाक मारणार त्या नावाने? मारणारे सगळे गेले.”

तीस वर्षांत मी तिला हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून फोन ठेवताना मी ‘कृष्णाबाई, येतो’ म्हणतो. ती ओरडते, “चावटपणा पुरे,” पण फोन लगेच ठेवत नाही.

तर ह्या आठवड्याचं काम एवढंच. आजीला, नाहीतर आईला, तिचं आधीचं नाव विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. नाव बदललं नसेल तर तेही सांगा. पुढच्या एपिसोडची सुरुवात तुमच्या नोट्सनी करू. तोपर्यंत, भेटू पुढच्या गुरुवारी. आणि फोटो टाकायच्या आधी, दोनदा बघा!